छत्तीस पुठ्ठे

2018 सालच्या जुलै महिन्यात वसईत जो पाऊस कोसळला, त्याची आठवण झाली की आजही मन धास्तावते. 9 आणि 10 जुलैला तर आभाळाने उसंत म्हणून घेतली नाही. रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि कित्येक वस्त्या दिवसेंदिवस अंधारात राहिल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील तळमजल्यावरची संगणकाची खोली मी उघडली, तेव्हा मेजाखालचे आठही सीपीयू चिखलाने माखले होते. धर्मग्रामस्थांच्या वर्गणीतून, केळी-भाजी विकून आलेल्या पैशांतून घेतलेली ती यंत्रे. दुरुस्तीला आलेल्या तरुणाने एकेक डबा उघडला आणि एकेक बाजूला ठेवला. तिसऱ्या डब्याशी तो थबकला. म्हणाला, "फादर, हा पाण्यानं गेलेला नाही. हा आधीच जळालाय. व्होल्टेज वाढलं असणार."

मी काही बोललो नाही.

त्या संगणकाचा इतिहास मला ठाऊक होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत आठवीचा एक मुलगा त्या यंत्रापुढे एकटाच सापडला होता. पडदा काळा, खोलीत जळका वास. "मी फक्त चालू केला," एवढेच तो म्हणत राहिला. शाळेचा व्यवस्थापक या नात्याने मी न्यायनिवाडा केला. वर्ष संपेपर्यंत संगणकाच्या तासाला त्याने बाहेर व्हरांड्यात खांबापाशी उभे राहावे, असा तो निकाल होता. त्याच्या वडिलांना पानमळ्यातून बोलावून घेतले. त्या सालस गृहस्थाने मुलाची बाजू ऐकण्याआधीच माझ्यापुढे हात जोडले. मीही ते जोडू दिले.

आता यंत्रे नव्हती आणि संगणक शिकवणारे सरही जूनमध्ये अधिक पगाराच्या जागी निघून गेले होते. वेळापत्रकात मात्र नववीला आठवड्याचे दोन तास तसेच उभे होते. दुसरे कोणी नाही म्हणून ते मी घेतले. पन्नाशी गाठलेला धर्मगुरू, ज्याने संगणकावर प्रवचने टंकित करण्यापलीकडे फारसे काही केलेले नव्हते, तो आता संगणकाविना संगणक शिकवणार होता!

खरे सांगायचे तर यंत्रे होती तेव्हा आम्ही फार निराळे काय करीत होतो? पादत्राणे बाहेर काढून मुले रांगेने आत जात. देवळातही आम्ही इतकी शिस्त मागत नाही. एका यंत्रापुढे सहा जण बसत. त्यांतील एकाच्या हाती माऊस आणि पाच जणांच्या हाती उसासे. उरलेला वेळ वहीत जाई. पहिल्या पिढीत निर्वात नलिका, दुसऱ्या पिढीत ट्रान्झिस्टर, संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज. जी फ्लॉपी त्यांच्यापैकी एकानेही डोळ्यांनी पाहिली नव्हती, तिची आकृती काढून तिला नावे द्यायची. परीक्षेत मुले उत्तम उत्तीर्ण होत.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तेव्हा अभियांत्रिकी शिकत होता. माझी अडचण ऐकून त्याने एका इंग्रजी पुस्तकाच्या छापील पानांचा गठ्ठा आणून दिला. पुस्तकाचे नाव 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड', म्हणजे प्लग काढून टाकलेले संगणकशास्त्र. न्यूझीलंडमधील टिम बेल, इयन विटन आणि त्यांचे सहकारी माइक फेलोज यांनी 1990च्या दशकात हे खेळ रचले. संगणकशास्त्र म्हणजे यंत्र नव्हे, ती विचार करण्याची एक रीत आहे आणि ती खडू, दोरी व पुठ्ठे यांनीही शिकवता येते, ही त्यांची धारणा. मला ती पटायला वेळ लागला नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्हांला तर्कशास्त्र होते. विधाने, प्रतिज्ञा, निष्कर्ष यांचे साचे मी आवडीने घोकले होते. त्याच तर्काला जॉर्ज बूल यांनी 1854 साली बीजगणिताचा पेहराव चढवला आणि पुढे त्यावर संगणकाचा सारा डोलारा उभा राहिला, हे मात्र तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या तासाला पाच मुलांना वर्गापुढे उभे केले. प्रत्येकाच्या हाती एक पुठ्ठा. वर्गाच्या डावीकडून 16, 8, 4, 2 आणि शेवटी 1 असे त्यांवर ठिपके. पुठ्ठ्याची ठिपक्यांची बाजू दाखवायची किंवा कोरी. मधले काही नाही. (पहिल्या खेपेस मी मुलांना उलट्या क्रमाने उभे केले, कारण माझी डावी बाजू ती वर्गाची उजवी. दहा मिनिटे मीच गोंधळलो.) "नऊ ठिपके दाखवा," म्हटल्यावर आठवाला आणि एकवाला यांनी पुठ्ठे वळवले. एकवीस, तेरा, सत्तावीस. मग एकतीस, पाचही पुठ्ठे उघडे. "आता बत्तीस." वर्ग शांत. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, माझ्या मेजावरचा कोरा पुठ्ठा घेतला आणि खाली बसून त्यावर ठिपके काढू लागली. अठ्ठाविसाव्या ठिपक्याला तिच्या लक्षात आले की पुठ्ठ्यावर जागा उरलेली नाही. तरी तिने बत्तीस पुरे केले आणि सोळावाल्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. द्विमान पद्धती या शब्दाची व्याख्या मी त्या दिवशी दिलीच नाही.

शेजारच्या वर्गावर मराठीच्या बाई शिकवीत होत्या. आमचा कल्लोळ ऐकून त्या दारात आल्या. मला वाटले, आता तक्रार येणार. क्षणभर पाहून त्या म्हणाल्या, "फादर, हे तर आमचे लघु-गुरु!" आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर लिहिले: यमाताराजभानसलगं. वृत्ते शिकलेल्या वाचकांना हे सूत्र आठवत असेल. पहिल्यापासून तीन-तीन अक्षरे घेत एकेक घर पुढे सरकावे, म्हणजे आठही गण क्रमाने हाती येतात. यमाता हा य गण, मातारा हा म, ताराज हा त. लघु म्हणजे मिटलेला पुठ्ठा, गुरु म्हणजे उघडा. तीन जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून गण आठच. नववा असूच शकत नाही. लघु-गुरूंचे सगळे संभाव्य क्रम एकही न गाळता मांडण्याची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे, हे मी ऐकून होतो. पण ती माझ्यापुढे अशी चालत येईल असे वाटले नव्हते.

बाईंचा उत्साह पाहून आम्ही आठ मुलांचे रिंगण केले. सूत्राच्या पहिल्या आठ अक्षरांप्रमाणे मा, ता, रा, भा ही चार मुले उभी. य, ज, न, स ही चार उकिडवी. रिंगणाभोवती एका दिशेने फिरत कोणतेही शेजारचे तिघे घ्या, उभ्या-बसलेल्यांची तीच रचना दुसऱ्या कोठेही सापडत नाही. सूत्राच्या शेवटी 'लगं' का येते, याचाही उलगडा तिथेच झाला. ती लघु-गुरूची जोडी आरंभीच्या 'यमा'सारखीच आहे. सूत्राचे शेपूट तोंडाला जुळते. मुलांनी रिंगणाभोवती फिरून स्वतः पडताळा घेतला. अशा क्रमांचा गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ आजही अभ्यास करतात. आमच्या मुलांना त्याचे सोयरसुतक नव्हते. वृत्तांचा प्रश्न गाळायचा असतो असे मानणारी ती पोरे गण मोजत होती, एवढ्यावर बाई प्रसन्न होत्या.

मुलांना सर्वांत आवडला तो यंत्रमानवाचा तास, कारण यंत्रमानव मी होतो. मेजावर तांब्या आणि पेला ठेवला. त्यांनी आज्ञा द्यायच्या, मी त्या अक्षरशः पाळायच्या, स्वतःची अक्कल चालवायची नाही. "पाणी ओता." मी तांब्या जागच्या जागी तिरपा केला, पाणी मेजावर. "पेल्यात ओता!" मी ओतू लागलो आणि थांबलोच नाही. पेला भरला, मेज भरले, पाणी पहिल्या बाकापर्यंत पोहोचले. "थांबा, थांबा" असा ओरडा झाला, परंतु थांबण्याची आज्ञा तांब्या रिकामा झाल्यावर आली. ऐन गडबडीत काही जण घरच्या सामवेदी बोलीत आज्ञा देऊ लागले, तेव्हा यंत्र ढिम्म उभे राहिले. त्याला ती बोली येत नव्हती! दुसऱ्या फेरीत एका मुलीने सावकाश, शब्द तोलून सांगितले, "पेला काठाखाली बोटभर भरेपर्यंत ओता, मग तांब्या सरळ करा." लगेच तिच्या शेजारणीने विचारले, "आणि तांब्यातलं पाणी त्याआधीच संपलं तर?" आज्ञावलीच्या अभ्यासात ज्याला आवर्तन आणि अट म्हणतात, ती दोन्ही अशी ओल्या मेजावर जन्मली. शिपाईमामांचा मात्र माझ्यावर राग होता.

पावसाने उघडीप दिली त्या दिवशी पटांगणात चुन्याने रेघा आखल्या. सहा मुले एका टोकाकडून निघतात. वाटेवरील बारा वर्तुळांपैकी प्रत्येकात दोघे भेटतात, लहान संख्येचा डावीकडे जातो, मोठ्या संख्येचा उजवीकडे, आणि दुसऱ्या टोकाला सहाही जण चढत्या क्रमाने बाहेर पडतात. कोणीही मुकादम लागत नाही. पुढे संख्यांऐवजी आडनावे घेतली तेव्हा घोटाळा झाला. पहिल्याच वर्तुळात दोन लोपीस भेटले आणि दोघेही जागचे हलेनात. वसईत राहणाऱ्यास हे नवल नाही. मग आडनाव सारखे असेल तर नाव पाहावे, नावही सारखे असेल तर आधीचा क्रम मोडू नये, असा नियम पोरांनीच केला. मोठमोठ्या याद्या लावणाऱ्यांनाही हाच पेच सोडवावा लागतो.

पालकांच्या सभेत अर्थात विचारणा झाली. "फादर, संगणकाचं शुल्क घेता आणि पोरं पटांगणात चुना खेळतात." त्यांचे चुकत नव्हते. मुलाला माऊस धरता आला नाही तर पुढे नोकरी मिळणार नाही, ही त्यांची भीती खरी होती. ही गोष्ट मी आजही मान्य करतो की नुसत्या पुठ्ठ्यांवर भागत नाही. यंत्रावर स्वतः लिहिलेली आज्ञावली चालताना पाहिल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. पुढे नाताळानंतर माजी विद्यार्थ्यांनी सहा संगणक दिले आणि मुले स्क्रॅचवर ठोकळे जोडून खेळ रचू लागली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला पुठ्ठ्यांनी कधी दाखवला नव्हता. तथापि एक फरक मी पाहिला. आज्ञावली चुकली की ती मुले यंत्राला दोष न देता आपल्याच ओळी वरून खाली वाचू लागत. पेल्यातून वाहिलेले पाणी त्यांना आठवत असावे.

पण हे पुढचे झाले. ऑगस्टच्या अखेरीस मी छत्तीस पुठ्ठ्यांचा खेळ घेतला, त्याविषयी सांगायचे आहे.

जुन्या दिनदर्शिकांच्या पुठ्ठ्यांचे चौकोन कापले होते. एक बाजू तांबडी, दुसरी पांढरी. एका मुलाला बोलावून पाच ओळी व पाच स्तंभ असे पंचवीस चौकोन मनाला येतील तसे मांडायला सांगितले. "थोडे अवघड करू या," असे म्हणून मी आणखी एक स्तंभ आणि एक ओळ सहज घातल्यासारखी घातली. मग बाहेर गेलो. माझ्या पाठीमागे एकाने एकच पुठ्ठा उलटला. आत येऊन मी क्षणभर पाहिले आणि नेमक्या त्याच पुठ्ठ्यावर बोट ठेवले. पुन्हा केले, पुन्हा अचूक. कोणी म्हणाले फादर दाराच्या फटीतून बघतात. कोणी म्हणाले त्यांना देव सांगतो. माझ्या पेशाचा एवढा गौरव वर्गात पूर्वी झाला नव्हता.

युक्ती त्या जादा घातलेल्या पुठ्ठ्यांत आहे. प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात तांबड्यांची संख्या सम होईल, अशा बेताने ते ठेवायचे. एक पुठ्ठा उलटला की त्याची ओळ विषम होते आणि स्तंभही. दोन्ही जेथे छेदतात तो अपराधी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग हे शनिवार-रविवारी यंत्रावर काम सोडून जात आणि एखादी चूक आढळली की यंत्र ते काम टाकून पुढे जाई. चूक झाली आहे हे यंत्राला कळते, तर ती कोठे आहे हे का कळू नये, या चिडीतून त्यांनी स्वतःच चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांचा शोध लावला. 1950 साली तो प्रसिद्ध झाला. आपल्या आधार क्रमांकाच्या 12 आकड्यांतला शेवटचा आकडा असाच पडताळणीचा असतो. पुस्तकांच्या मागे छापलेल्या 13 आकड्यांतलाही. वर्गाने ग्रंथालयातील पुस्तके आणून एक सोडून एक आकड्याला तीनने गुणले आणि बेरजेला दहाने भाग जातो का ते पाहिले. एका पुस्तकाची बेरीज जमेना, तेव्हा आकडा फळ्यावर उतरवताना मीच चुकलो होतो, हे त्यांनी मला सप्रमाण दाखवून दिले.

तो मुलगा आता नववीत, याच वर्गात होता. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. शिक्षेची मुदत जूनलाच संपली होती, परंतु खेळ चालू झाला की तो आपणहून मागे सरके. त्याला पुढे ये म्हणायला मला जीभ रेटत नसे. दुरुस्तीवाल्याचे ते वाक्य ऐकून सहा आठवडे लोटले होते. दर शनिवारी मी इतरांना पापनिवेदनाला बसवीत होतो आणि माझा हा हिशेब पुढच्या आठवड्यावर ढकलीत होतो.

पुढच्या तासाला तो उठून पुढे आला. "फादर, मी उलटतो. तुम्ही ओळखा."

मी बाहेर जाऊन आलो. ओळी मोजल्या, सगळ्या सम. स्तंभ मोजले, सगळे सम. पुन्हा मोजले. "तू काहीच उलटलेले नाहीस," मी म्हणालो. माझ्या आवाजात फेब्रुवारीतला तोच निर्णायक स्वर होता, हे मला बोलून झाल्यावर जाणवले.

"चार उलटले," तो म्हणाला, आणि एकेक दाखवू लागला. एका चौकोनाचे चार कोपरे. प्रत्येक ओळीत दोन बदलले, प्रत्येक स्तंभात दोन बदलले. सम ते समच राहिले. वर्गाने त्याला दुजोरा दिला. तो घरी पानमळ्यात बसून खुडलेल्या पानांनी हे करून पाहत होता. पानाची एक बाजू तुकतुकीत, दुसरी फिकट. त्याला पुठ्ठ्यांची गरजच पडली नव्हती. त्या छापील पानांत मी इतके बारकाईने वाचले नव्हते. मोजणी बिनचूक असते आणि तरीही मोजणारा चुकतो, हे माझ्यापुढे मेजावर मांडलेले होते.

मी वर्गासमोर सांगितले. "फेब्रुवारीत तो संगणक तुझ्या हातून बिघडला नव्हता. जुलैमध्येच मला ते समजले होते. मी तुला सांगितले नाही."

कोणी हालले नाही. त्याने उलटलेले चार पुठ्ठे सरळ केले. "मला माहीत होतं, फादर," तो म्हणाला. "मी हात लावायच्या आधीपासून तो वास मारत होता."

त्या संध्याकाळी मी पानमळ्यात गेलो. त्याचे वडील वेलींना दोर बांधत होते. मी सांगितलेले त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, काही बोलले नाहीत, हातातली गाठ पुरी केली. निघताना त्यांनी मला कुंपणापर्यंत सोबत केली आणि म्हणाले, "त्याच्या आईला पण सांगा. ती घरात आहे." मी परत वळलो.

शुक्रवारच्या तासाला मी वर्गात शिरलो तेव्हा छत्तीस पुठ्ठे आधीच मेजावर होते आणि तो एका कागदावर तिरप्या रेघा ओढत होता. चार कोपरेही पकडता येतील अशी काही तजवीज करायची होती म्हणे. शेजारची दोन मुले त्याला मोजायला मदत करीत होती. मी खडू उचलला.

"नाही, फादर," तो मान वर न करता म्हणाला, "आज मी ओळखणार, पण मांडून होईपर्यंत तुम्ही बघायचं नाही. तुम्ही बाहेर उभे राहा."

मी व्हरांड्यात जाऊन खांबापाशी उभा राहिलो. आतून बराच वेळ पुठ्ठे सरकवल्याचा आवाज येत होता.